बायकांसाठी सॅडल: नाशिकच्या रस्त्यांवर आणि कच्च्या वाटांवर कोणती चालते

बाईने सायकलच्या दुकानात ‘लांब पल्ल्यासाठी चांगली सीट दाखवा’ म्हटलं की काउंटरवर आधी येते ती रुंद, फुगीर, खाली स्प्रिंगा असलेली जेल सीट. अंगठ्याने दाबून बघितली की छान वाटते, म्हणून घेतलीही जाते. गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत जाऊन यायचं असेल तर तिच्यावर काही बिघडत नाही. पण त्र्यंबकला जाऊन परत, म्हणजे साठेक किलोमीटर, किंवा सप्तशृंगगडाचा घाट, किंवा २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळात पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) असं काही मनात असेल, तर सगळ्यात आधी हीच सीट छळते. आणि त्रास सुरू झाला की सीटला कोणी बोल लावत नाही. ‘बायकांना एवढं झेपत नाही’ असं घरातून ऐकू येतं, हळूहळू तिलाही ते पटतं आणि सायकल पार्किंगच्या कोपऱ्यात जाते. चुकीच्या सीटपायी हे होऊ नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

झेपण्याचा प्रश्न तर केव्हाच निकाली निघालाय. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली, त्यानंतर या शहरात लांब पल्ल्याच्या सायकलिंगची चर्चा घराघरांत पोचली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. जर्मनीची फिओना कोल्बिंगर हिने २०१९ मध्ये युरोपातली सुमारे ४,००० किलोमीटरची ट्रान्सकॉन्टिनेंटल शर्यत जिंकली, तीही बायकांच्या गटात नव्हे, सगळ्या पुरुषांना मागे टाकून. एवढं अंतर कापताना शरीराचं वजन तीन ठिकाणी येतं: पायडल, हँडलबार आणि सीट. पहिल्या दोन ठिकाणी थोडं इकडेतिकडे झालं तर चालवून नेता येतं. सीटचं तसं नसतं. २०० किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तासांची मुदत असते, ३०० ला वीस, ६०० ला चाळीस. तेवढा वेळ हाडाखाली काय आहे यावर बाकी सगळं ठरतं.

आम्ही इथे हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉकअप असलेल्या, माउंटन बाइकवर बसणाऱ्या आणि त्याच सायकलने लांब डांबरी पल्लेही मारणाऱ्या बायकांचा विचार केला आहे, कारण नाशिकमध्ये बहुतेकींकडे एकच सायकल असते. गंगापूर धरणाच्या काठचे मुरमाचे रस्ते, अंजनेरीच्या पायथ्याकडची दगडांची वाट, दिंडोरी-निफाडकडची द्राक्षबागांमधली काळी माती, आणि मुंबई-आग्रा महामार्गाने इगतपुरीकडे जाणारा सरळसोट रस्ता. या चारही ठिकाणी सीटकडून वेगवेगळं काम लागतं.

आधी माप

चपलेचा नंबर माहीत नसताना चप्पल कोणी घेत नाही, पण सीट सर्रास तशीच घेतली जाते. सीटवर आपण मांसल भागावर बसत नाही, बसतो ते ओटीपोटाखालच्या दोन हाडांवर. या दोन हाडांमधलं अंतर प्रत्येकीचं वेगळं असतं. पुरुषांपेक्षा बायकांचं सरासरीने थोडं जास्त भरतं, म्हणून ‘लेडीज सीट’ रुंद करतात. पण सडपातळ बाईचं अंतर जास्त आणि जाड बाईचं कमी, असंही खूपदा निघतं. नुसतं बघून ते सांगता येत नाही. दुकानदाराने अंगकाठी बघून काढलेल्या सीटवर भरवसा ठेवू नका.

माप घरी दहा मिनिटांत घेता येतं. टीव्हीच्या किंवा मिक्सरच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा घ्या, साधारण एक फूट बाय एक फूट. तो लाकडी स्टुलावर किंवा जिन्याच्या पायरीवर ठेवा, गादीच्या खुर्चीवर नको. पातळ लेगिंग घालून त्यावर बसा. पायांखाली एक-दोन विटा घ्या, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा किंचित वर येतील. मग हँडल धरल्यासारखं पुढे वाका, दोन्ही हातांनी स्टूल खालून धरून स्वतःला खाली ओढा आणि अर्धा मिनिट तसंच बसा. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतील. दिसले नाहीत तर पेन्सिल आडवी धरून हलकेच फिरवा, कडा उमटतात. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मिलीमीटरमध्ये मोजा. दुसरा पुठ्ठा घेऊन पुन्हा करा. दोन मापांत पाच मिलीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

आता यात भर घालायची. एकदम वाकून, रेसिंगच्या पद्धतीने चालवत असाल तर १० ते २० मिलीमीटर. माउंटन बाइकवर किंवा बीआरएमला बसतो तसं मध्यम वाकणं असेल तर २० ते ३०. ताठ बसून गावात फिरायचं असेल तर त्याहूनही जास्त. समजा खळग्यांमधलं अंतर १२५ भरलं आणि बसणं मध्यम आहे, तर १५० च्या आसपासची सीट लागेल, म्हणजे बाजारात मिळणारी १५५ ची. ही भर घालायचं कारण साधं आहे. सीटवर छापलेली रुंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची असते आणि दोन्ही कडा खाली वळलेल्या असतात. हाड कडेवर आलं तर आधार मिळत नाही, ते सतत बाहेरच्या बाजूला घसरत राहतं.

जेल सीट आणि जेल कव्हर

हिची गडबड पहिल्या अर्ध्या तासात कळत नाही, म्हणून ती विकली जाते. हाडं जेलमध्ये रुततात, बाजूला सारलेलं जेल मधल्या भागात वर येतं आणि जिथे अजिबात दाब नको तिथे, म्हणजे पुढच्या नाजूक भागावर, दाब देतं. तासाभराने बधिरपणा येतो. त्यात सीट रुंद, त्यामुळे पायडल खाली जाताना दर वेळी मांडीची आतली बाजू तिच्या कडेवर घासते. स्प्रिंगवाल्या सीटवर चढात जोर लावला की सीट खालीवर होते, कंबर डुलते, आणि पुन्हा घासणं वाढतं.

वरून चढवायचं जेल कव्हर तर आम्ही कोणालाच सुचवणार नाही. नाडी कितीही आवळली तरी ते कच्च्या वाटेवर सरकतं. पावसात पाणी पिऊन बसतं. शिवाय सीटची उंची सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने वाढते आणि सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, तेवढा खाली घ्यायला हवा हे कोणी सांगत नाही, मग गुडघ्यामागे ओढ बसते. भाजीला, क्लासला, पाच-सात किलोमीटर ताठ बसून जायचं असेल तर जेल सीट ठीक आहे, आणि तेवढ्या कामासाठी ती वाईट वस्तू नाही.

सायकलबरोबर आलेली सीट

हार्डटेलवर कंपनीकडून येणारी सीट बहुधा मध्यम कडक, लांब नाकाची (नाक म्हणजे सीटचं पुढचं निमुळतं टोक) आणि १४० ते १५० मिलीमीटरच्या आसपास असते. ती लगेच काढून फेकू नका. तुमचं माप जुळत असेल आणि मध्ये खोलगट नाली असेल, तर नुसती उंची, कोन आणि पुढे-मागे नीट केल्यावर अनेकींचं काम होऊन जातं. पुठ्ठ्याच्या मापात भर घालून आलेला आकडा आणि सीटची रुंदी यांत १५ मिलीमीटरपेक्षा जास्त तफावत असेल तरच नवीन सीटचा खर्च करा.

स्पेशलाइज्ड पॉवर, मिमिक

या आढाव्यातली आमची पहिली पसंती हिला. पॉवर ही आखूड नाकाची सीट, लांबी २४० मिलीमीटर. नेहमीच्या सीटा २७० ते २८० च्या असतात. मिमिक ही तिची बायकांचा विचार करून केलेली आवृत्ती २०१८ मध्ये आली आणि ती १४३, १५५ आणि १६८ अशा तीन रुंद्यांत मिळते.

मिमिकमध्ये काय वेगळं केलंय ते समजून घेण्यासारखं आहे. बऱ्याच सीटांना मध्ये आरपार कापलेली खाच असते. पुरुषांना ती चालते. बायकांपैकी अनेकींना मात्र त्या खाचेचाच त्रास होतो, कारण नाजूक भाग खाचेत उतरतो, खाचेच्या कडा त्याला दाबतात आणि लांब राइडनंतर सूज येते. मिमिकमध्ये ही खाच मोकळी न सोडता मऊ फोमने भरली आहे. हाडांखाली कडक, मध्ये मऊ आणि नाकावर त्याहून वेगळा, असा फोमचा थर-थराने फरक आहे. बोटाने दाबत पुढून मागे गेलात तर तो फरक हाताला लागतो. बधिरपणा आणि सूज हे दोन्ही कमी करायचं असेल तर ही रचना योग्य आहे असं आमचं मत.

आखूड नाकाचा फायदा कच्च्या वाटेवर दिसतो. उतारावर वजन मागे घेऊन पुन्हा पुढे येताना शॉर्टचा कपडा नाकात अडकत नाही. घाटाचं मात्र वेगळं आहे. नांदुरीहून सप्तशृंगगडाकडे चढताना बसून-बसून दम काढायचा असतो, तेव्हा शरीर आपोआप पुढे सरकतं आणि अर्धं वजन नाकावर येतं. पॉवरचं नाक रुंद आहे, त्यामुळे तिथे टेकायला जागा मिळते. पण मागे-पुढे सरकून बसायची जागा बदलत राहायची सवय असेल तर ही सीट बांधून ठेवल्यासारखी वाटेल. तिच्यावर बसायची जागा एकच. सहाशे किलोमीटरच्या राइडला ज्यांना दर तासाला थोडं सरकून बसायला हवं असतं, त्यांनी पुढची बघावी. किमतीचा मुद्दाही आहेच. ही महाग सीट आहे, साध्या सीटच्या कितीतरी पट. ट्रायल मिळाल्याशिवाय घेऊ नका.

एर्गॉन एसएम विमेन

एसएम ही माउंटन बाइकसाठीचीच मालिका. हिच्यातली नाली बायकांसाठी मुद्दाम पुढच्या बाजूला सरकवली आहे, जिथे वाकून बसल्यावर खरोखर दाब येतो. मापं दोनच: एस-एम आणि एम-एल. हाडांमधलं अंतर ९ ते १२ सेंटिमीटर असेल तर पहिलं, १२ ते १६ असेल तर दुसरं. इथे घोळ होतो तो असा: हे आकडे हाडांमधल्या अंतराचे आहेत, सीटच्या रुंदीचे नाहीत. वरची २०-३० मिलीमीटरची भर यात पुन्हा धरायची नसते. १२५ माप असलेल्या बाईने भर घालून १५० म्हणून शोधाशोध करू नये, सरळ एम-एल घ्यावी. अगदी १२० च्या काठावर असाल तर वाकून चालवणारीने छोटी, ताठ बसणारीने मोठी.

ही पॉवरपेक्षा लांब आणि बऱ्यापैकी सपाट आहे, त्यामुळे जागा बदलत बसता येतं. मुरमावर आणि खडकाळ वाटेवर ही आम्हाला जास्त भावते. तिचा तोटा म्हणजे नाशिकच्या दुकानांत ती हाताळायला मिळणं कठीण, बहुतेक वेळा मागवावीच लागते.

चामड्याची ब्रुक्स

बी१७ ही शतकाहून जुनी घडण. बी१७ एस ही तिची आखूड, बायकांसाठीची आवृत्ती. चामडं काही शे किलोमीटरनंतर आपल्या हाडांप्रमाणे बसतं आणि मग सुखाचं होतं हे खरं आहे. पण त्र्यंबक-इगतपुरी पट्ट्यात जून ते सप्टेंबर जो पाऊस कोसळतो त्यात ती भिजते, आणि भिजलेल्या चामड्यावर बसून राइड केली की ते कायमचं लोंबतं. खालून चाकाचा चिखलही लागतो. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. पावसाळ्यात ट्रेलवर जाणारीसाठी नाही. नोव्हेंबर ते मे फक्त डांबरी रस्त्यावर ताठ बसून फिरणारीने जरूर विचार करावा.

दीड-दोन हजारांतल्या बिननावाच्या सीटा

ऑनलाइन पॉवरसारख्या दिसणाऱ्या सीटा ढिगाने आहेत. आकार हुबेहूब, पण फोम एकाच घनतेचा, मधला भाग नुसता कापलेला. यातली एखादी माप जुळली तर चालून जाईल. घेण्याआधी वर्णनात रुंदी मिलीमीटरमध्ये दिली आहे का ते बघा. ‘फ्री साइज’ किंवा ‘युनिसेक्स’ एवढंच लिहिलं असेल तर सोडा. रेल, म्हणजे सीटच्या बुडाखालच्या दोन सळ्या, स्टीलच्या किंवा क्रोमोलीच्या (मिश्र पोलादाच्या) असाव्यात. स्वस्त कार्बन रेलच्या वाटेला जाऊ नका: त्या बहुतेक वेळा गोल ७ मिलीमीटरच्या नसून लंबगोल असतात, साध्या सीटपोस्टच्या क्लॅम्पमध्ये, म्हणजे रेल पकडणाऱ्या चिमट्यात, नीट बसत नाहीत, आणि आवळताना चिरतात. खड्ड्यांच्या रस्त्यावर ही चीर जीवावर बेतू शकते.

बसवणं

सीट चांगली आणि बसवली वाईट, अशी उदाहरणं चुकीच्या सीटपेक्षा जास्त. क्रम असा ठेवा: उंची, मग पुढे-मागे, मग कोन. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि किमान दोन राइड तशाच करा. आधीच्या जागेवर सीटपोस्टला इन्सुलेशन टेप गुंडाळून खूण करा, रेलवर व्हाइटनरची रेघ मारा, म्हणजे परत यायला जागा राहते.

उंचीसाठी भिंतीला पाठ लावून अनवाणी उभ्या राहा, दोन पायांमध्ये जाड वही सीटसारखी वर दाबून धरा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. हा आकडा गुणिले ०.८८३. माप ७२ सेंटिमीटर असेल तर ६३.६ येतं. क्रँक (पायडलचे दांडे) ज्या आसावर फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या पृष्ठभागापर्यंत, सीट ट्यूबच्या रेषेत, एवढं अंतर ठेवा. कच्च्या वाटेसाठी त्यातून पाच ते दहा मिलीमीटर कमी. पडताळणी सोपी आहे: मागून कोणाला तरी बघायला सांगा. पायडल मारताना कंबर डावी-उजवीकडे झुलत असेल तर सीट उंच आहे, आणि मांडीच्या आतल्या बाजूचं घासणं बहुतेक वेळा यातूनच येतं.

पुढे-मागे ठरवताना क्रँक आडवा ठेवा, पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडा. तो पायडलच्या आसाजवळ पडला की सुरुवातीला पुरे. आखूड नाकाची सीट लावताना नाकाचं टोक जुन्या सीटपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर मागे येईल, ते तसंच हवं. जुन्या सीटच्या टोकाशी टोक जुळवलं तर तुम्ही तेवढ्याच पुढे बसता आणि हातांवर भार येतो. हे मेकॅनिकलाही सांगावं लागतं.

एक चूक फार दिसते. पाच फूट किंवा त्याहून कमी उंचीच्या बाईला सायकल लांब पडते, हँडल दूर वाटतं, म्हणून सीट पुढे ढकलून देतात. त्याने गुडघा पायडलच्या पुढे जातो आणि वाटीखाली दुखायला लागतं. हँडल दूर असेल तर स्टेम, म्हणजे हँडल पुढे धरणारा आखूड तुकडा, बदला, ८० मिलीमीटरचा असेल तर ६० किंवा ५० चा. सीटच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे, आणि पुढच्या भागावरचा दाब कधीकधी एवढ्यानेच बराच कमी होतो.

कोनासाठी सीटवर पुठ्ठ्याच्या बांधणीची वही ठेवून त्यावर मोबाइलमधलं लेव्हल अ‍ॅप लावा. मागचा भाग वर उचललेल्या सीटा असतात, त्यांत वही पुढच्या दोन-तृतीयांश भागावर ठेवा. शून्यापासून सुरू करा. बधिरपणा असेल तर नाक एक अंश खाली. तीन अंशांच्या पुढे जाऊ नका. त्यापुढे तुम्ही घसरायला लागता, हातांनी स्वतःला मागे ढकलत राहता आणि करंगळी-अनामिका बधिर होतात. मग लोक हातमोजे बदलतात, ग्रिप बदलतात, आणि मूळ दोष सीटच्या कोनात असतो.

क्लॅम्पचा बोल्ट किती आवळायचा ते सीटपोस्टवर न्यूटन-मीटरमध्ये छापलेलं असतं. टॉर्क रेंच असलेल्या दुकानातच करून घ्या. दोन बोल्टच्या पोस्टमध्ये दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे, एकच पूर्ण आवळला की कोन बदलतो. चढावर ‘कट-कट’ आवाज येत असेल तर नव्वद टक्के वेळा तो क्रँकचा आहे असं समजून बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा आस जिथे फिरतो तो भाग, उघडलं जातं. आधी उभं राहून पायडल मारून बघा. आवाज बंद झाला तर तो सीटच्या रेलचा आहे. काळ्या मातीची बारीक कच क्लॅम्पमध्ये शिरते आणि कुरकुरते. रेल आणि क्लॅम्प कोरड्या फडक्याने पुसा, जिथे दोन्ही टेकतात तिथे बोटाच्या टोकाएवढं ग्रीस लावा, बोल्टच्या आट्यांना थोडं लावा, परत आवळा.

शॉर्ट, पाळी आणि त्वचा

चांगल्या सीटवर वाईट कपडे घातले तर पैसे पाण्यात. पॅड असलेली सायकलिंग शॉर्ट बायकांच्या मापाची घ्या. पुरुषांच्या शॉर्टमध्ये पॅडची मधली शिवण नेमकी नको तिथे येते. तिच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नाही. हे पहिल्यांदा ऐकलं की संकोच वाटतो, पण कातडी सोलण्याचं मोठं कारण अंतर्वस्त्राची शिवण हेच असतं. ट्रेलवर वरून सैल शॉर्ट घालायची असेल तर खुशाल घाला, पॅड आतल्या शॉर्टला असला म्हणजे झालं.

पाळीच्या दिवसांत विंग असलेलं सॅनिटरी पॅड पायडल मारताना गोळा होतं आणि कडेने कापतं. पन्नास किलोमीटरच्या पुढे मेन्स्ट्रुअल कप सगळ्यात कमी त्रासाचा. पण राइडच्या दिवशी तो पहिल्यांदा वापरू नका. एक-दोन पाळ्या घरी सवय करून घ्या. बदलायला स्वच्छ पाणी आणि दार लागतं, म्हणून मार्ग आखतानाच पेट्रोल पंप आणि मोठी हॉटेलं बघून ठेवा. घोटी सोडून कच्च्या वाटेला लागलात की पुढे काही मिळेलच असं नाही.

घर्षण कमी करायला सायकलिंगची क्रीम मिळते. मेंथॉलची, म्हणजे थंडावा देणारी, बायकांनी घेऊ नये, फार आग होते. वास नसलेली साधी घ्या. पेट्रोलियम जेली चालते, पण पॅडमधून धुऊन निघत नाही आणि पुढे पॅड घाम शोषेनासा होतो. राइड संपल्यावर गप्पा मारत ओल्या शॉर्टमध्ये बसून राहणं हे फोड येण्याचं हमखास कारण आहे. सोबत कोरडी सलवार किंवा ट्रॅक पँट ठेवा आणि चहाच्या आधी बदला.

लालसर पुरळ दोन-तीन दिवस सायकल बंद ठेवून, धुऊन कोरडं ठेवल्याने जातं. औषधाच्या दुकानातून खाज-गजकर्णाचं मिश्र मलम आणून लावायची आपल्याकडे सवय आहे. त्यांतल्या अनेकांत स्टेरॉइड असतं, आराम लगेच पडतो, पण त्वचा पातळ होते, बुरशी असेल तर ती आतून पसरते. दुखरी, गरम गाठ आली किंवा ताप आला तर सरळ डॉक्टरांकडे जा. एका बाजूलाच पुन्हा पुन्हा फोड येत असेल तर सीट वाकडी बसवली आहे का, रेल वाकली आहे का, हे बघा. ते ठीक असेल तर दोन पायांच्या लांबीत फरक असू शकतो, फिजिओथेरपिस्टला दाखवा.

विकत घेताना आणि नंतर

दुकानात तीन गोष्टी विचारा. रुंदी किती, ट्रायलला किती दिवस, आणि बदलून मिळेल का. ट्रायलची सीट देत नसतील तर आपल्याच गटातल्या मैत्रिणीची सीट पंधरा दिवस लावून बघा. या शहरात आता इतक्या बायका सायकल चालवतात की मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. बिलावर मॉडेल आणि रुंदी दोन्ही लिहून घ्या, कारण एकाच नावाच्या तीन रुंद्या दिसायला सारख्या असतात. नव्या सीटवर पहिले आठ-पंधरा दिवस हाडांवर दुखणं साहजिक आहे. बधिरपणा, सूज किंवा लघवीला जळजळ साहजिक नाही, ती पहिल्या राइडला आली तरी थांबून बदल करा.

पहिल्या मोठ्या राइडला नवी सीट नेऊ नका. आधी धरणापर्यंत, मग त्र्यंबकपर्यंत, मग शंभर किलोमीटर, असं वाढवा. पावसाळ्यात मागच्या चाकाचा चिखल नालीतून वर उडतो, त्यासाठी सीटखाली अडकवायचा प्लास्टिकचा पट्टा अगदी थोड्या पैशात मिळतो, तो लावाच.

दिवाळीच्या आधी, पाऊस संपल्यावर, सीट काढून उलटी करा. रेल जिथे सीटच्या बुडात शिरतात तिथे गंज किंवा बारीक चीर आहे का ते टॉर्च लावून बघा. मग सरळ करून दोन्ही हाडांच्या जागी अंगठे एकाच जोराने दाबा. एक बाजू जास्त खाली जात असेल, किंवा दाबल्यावर फोम वर यायला वेळ घेत असेल, तर सीट संपली. कव्हर नवं दिसत असलं तरी बदला. तीच सीट वर्षभर पुढे रेटली की एका बाजूला बसायची सवय लागते आणि कंबर दुखू लागते. जुनी सीट टाकण्याआधी तिचं नाव, रुंदी, उंचीचा आकडा आणि कोन एका कागदावर लिहून टूल बॅगेत ठेवा.